पहिली कादंबरी आणि पदरचा पैसा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी एक वयस्क गुरुजी आमच्या कचेरीत आले. उभी हयात प्राथमिक शाळेत घालवून नुकतेच निवृत्त झालेले, खाडीकाठच्या एका लहान गावचे राहणारे. एका हातात चारशे पानांची हस्तलिखित कादंबरी, दुसऱ्या हातात एका प्रकाशनसंस्थेने धाडलेला छापील करारनामा. कादंबरीविषयी आमचे मत हवे असेल असे आम्हांस वाटले. परंतु गुरुजींनी पुढे केला तो करारनामा. "वकीलसाहेब, एवढ्यावर सही करायची आहे. एकदा नजर घाला, म्हणजे मी मोकळा झालो," असे ते म्हणाले.

आम्ही नजर घातली. छपाईचा सर्व खर्च गुरुजींनी आपल्या निवृत्तीच्या रकमेतून आगाऊ द्यावयाचा. हजार प्रती निघावयाच्या, त्यांपैकी पन्नास गुरुजींस मिळावयाच्या. अधिक लागल्यास त्या त्यांनी विकत घ्यावयाच्या. आणि छपाईचे, भाषांतराचे, चित्रपटाचे व पुढे जी माध्यमे निघतील त्या सर्वांचे हक्क कायमचे प्रकाशकाकडे जावयाचे. म्हणजे मजकूर गुरुजींचा, पैसा गुरुजींचा, जोखीम गुरुजींची; मालकी मात्र दुसऱ्याची! आम्ही गुरुजींस त्या दिवशी सही करू दिली नाही, आणि त्यांच्या निमित्ताने या विषयावर चार शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे असे आम्हांस वाटले.

आमच्या रत्नागिरीच्या वाचकांस ही गोष्ट हापूसच्या दृष्टांताने चटकन पटेल. आंब्याची बाग कराराने घेणारा व्यापारी बागायतदारास पैसे मोजतो, कारण मोहोर गळाला तर नुकसान त्याचे व्हावयाचे असते. उलट, बागायतदारानेच व्यापाऱ्यास पैसे द्यावे, खतपाणीही आपणच करावे आणि वर बाग त्याच्या नावे करून द्यावी, असा व्यवहार कोणी सुचविला तर आपला अडाण्यातला अडाणी कुणबीही त्यास हसेल. परंतु हाच व्यवहार ग्रंथाच्या बाबतीत सुशिक्षित माणसे रोज करीत आहेत, आणि त्यास 'माझे पुस्तक प्रकाशित झाले' असे म्हणून पेढे वाटीत आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच की, खर्च ज्याचा, हक्क त्याचा. प्रकाशक आपल्या पैशाने पुस्तक काढीत असेल तर त्याने नफा घ्यावा व लेखकास मानधन द्यावे. लेखक आपल्या पैशाने काढीत असेल तर त्याने उघडपणे स्वतःच प्रकाशक व्हावे आणि छापणाऱ्यास छपाईची मजुरी देऊन मोकळे व्हावे. या दोहोंच्या मधली जी वाट आहे, ती लेखकास बुडविणारी आहे.

स्वतःचे पुस्तक स्वतः काढण्यात काही कमीपणा आहे, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. ती निराधार होय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सन १८७४ त 'निबंधमाला' सुरू केली ती स्वतःच्या हिमतीवर. पुढे सरकारी नोकरीतील बदलीने ते आमच्या याच रत्नागिरीच्या हायस्कुलात आले, तेव्हाही मालेचे काम त्यांनी सोडले नाही. आणि पुण्यास परतल्यावर शाळेबरोबरच छापखाना आणि पुस्तकांचे दुकान ही साधनेही त्यांनी आपल्या मंडळींच्या हाती ठेवली. ज्यास आपले म्हणणे लोकांपर्यंत पोचवावयाचे आहे, त्याने छपाई व विक्री यांस तुच्छ मानून चालत नाही, हे त्या पुरुषाने पुरते ओळखले होते.

इंग्लंडातील जेन ऑस्टिन हिचे उदाहरण तर आमच्या मुद्द्यास फारच उपयोगी आहे. तिने आपली पहिली कादंबरी 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' सन १८११ त स्वतःच्या जोखमीवर काढविली. नुकसान झाल्यास ते तिने सोसावयाचे, प्रकाशकाने आपली दलाली घ्यावयाची, अशी बोली होती. ती आवृत्ती खपली आणि बाईंस १४० पौंड नफा झाला. दुसरी कादंबरी 'प्राइड अँड प्रेजुडिस' हिचा हक्क मात्र तिने त्याच प्रकाशकास ११० पौंडांस एकरकमी विकून टाकला. पुढे त्या पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या, आणि त्यांतील एक पेनीही तिच्या वाट्यास आली नाही. एकच लेखिका, एकच प्रकाशक. फरक होता तो केवळ कराराचा. तेव्हा कराराविषयी आधी बोलू.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा लेखकाच्या बाजूने पुष्कळ उदार आहे. परंतु तो वाचतो कोण? या कायद्याप्रमाणे ग्रंथाचा पहिला मालक लेखकच होय, आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत व त्याच्या पश्चात साठ वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर तो लेखी व सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी दिलेला हक्क कायदा मानीत नाही. कोणता हक्क दिला, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशापुरता व किती मोबदल्यावर, हे लेखात स्पष्ट असले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्याचा उपयोग केला नाही तर तो हक्क संपुष्टात येतो. मात्र करारात याविरुद्ध काही लिहिलेले नसावे. नेमके हे विरुद्ध लिहिणेच बारीक टायपात शेवटच्या पानावर असते! सबब आमचा सल्ला असा की, 'कायमचे' व 'सर्व' हे दोन शब्द ज्या करारात दिसतील, तो सही न करता घरी आणावा. छापील पुस्तक, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, भाषांतर व चित्रपट हे हक्क वेगवेगळे आहेत. ते वेगवेगळेच द्यावे, आणि मागितल्याशिवाय तर देऊच नयेत. कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, परंतु वाद उत्पन्न झाल्यास ती पुराव्यास उपयोगी पडते.

आता छापण्यापूर्वीच्या तयारीविषयी. स्वतः प्रकाशक होणाऱ्याच्या मार्गातील पहिला धोका पैशाचा नसून घाईचा आहे. चांगला प्रकाशक नव्या लेखकास जी सर्वांत मोठी गोष्ट देतो ती म्हणजे नकार. 'हे प्रकरण काढा, हे पुन्हा लिहा' असे सांगणारा माणूस. स्वतःच प्रकाशक झाल्यावर हा माणूस नाहीसा होतो. तो पैसे देऊन पुन्हा आणला पाहिजे. हस्तलिखित पुरे झाल्यावर ते निदान तीन महिने पेटीत ठेवावे. मग तीन वाचकांस द्यावे, ज्यांतील एकही नातलग नसावा. त्यानंतर जाणत्या संपादकास आणि सर्वांच्या शेवटी मुद्रितशोधकास. हे दोघे एक नव्हेत. कथा कोठे लंगडते हे पहिला सांगतो; ऱ्हस्वदीर्घ व जोडाक्षरे दुसरा पाहतो. मुखपृष्ठावर जेवढा खर्च लेखक हौसेने करितात तेवढा या दोघांवर केला, तर मराठी कादंबरीचे पुष्कळ कल्याण होईल. फेरफार करावयाचे ते अक्षरजुळणीपूर्वी करावे. फ्रान्सातील मार्सेल प्रूस्त याने आपल्या महाकादंबरीचा पहिला भाग सन १९१३ त स्वखर्चाने छापविला, तेव्हा मुद्रितांवर त्याने इतकी खाडाखोड व भर केली की पुष्कळ मजकूर पुन्हा जुळवावा लागला. तो धनिक होता; आपल्यास ते परवडणारे नाही. मजकूर युनिकोडात टंकलिखित केलेला असावा, आणि छापखान्याने तो जुन्या फाँटांत उतरविला तर रफार व जोडाक्षरे मोडतात, यास्तव त्यानंतर एकवार सगळी पाने नव्याने वाचावीत.

येथेच आमच्या वकिली अनुभवाची एक सूचना. पहिल्या कादंबरीत लेखकाचा गाव असतोच. भाऊबंदकी, वाटणीचा दावा, एखादा खोत, एखादी परागंदा सून ही सर्व पात्रे वाडीतील लोक नावे बदलली तरी ओळखतात. 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' एवढे पहिल्या पानावर लिहिल्याने बदनामीच्या दाव्यातून सुटका होते, हा भ्रम आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ वाचून पाहावे, आणि हेही ध्यानात ठेवावे की लेखक व प्रकाशक एकच असल्यावर दोन्ही आरोप एकाच डोक्यावर बसतात. तसेच पात्रांच्या तोंडी चित्रपटगीते व कविता घालण्याची हौस आवरावी. केशवसुत १९०५ त निवर्तले, त्यांची कविता आज सर्वांची आहे. कुसुमाग्रज १९९९ त गेले, त्यांच्या ओळींस २०५९ सालच्या अखेरपर्यंत परवानगी लागेल.

आता हिशेब. आमच्या व्यापारी वाचकांनी हा भाग तपासून पाहावा. उदाहरणादाखल धरू की, संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी व मुखपृष्ठ यांस २४,००० रुपये लागले, आणि ३०० प्रती प्रत्येकी १२० रुपयांस छापून बांधून मिळाल्या. छपाईचे ३६,००० व वरील २४,००० मिळून ६०,००० रुपये झाले. म्हणजे प्रतीस २०० रुपये पडले. किंमत ३०० रुपये ठेविली व पुस्तकविक्रेत्यास ४० टक्के सूट दिली, तर हाती प्रतीस १८० रुपये येतात. सगळ्या ३०० प्रती दुकानांतून खपल्या तरी ५४,००० रुपयेच जमा होऊन ६,००० चा तोटा राहतो! उलट वाचकास स्वतः विकल्या, तर २०० व्या प्रतीस खर्च निघतो आणि पुढील प्रत्येक प्रत नफ्याची. यावरून उघड होते की, नव्या लेखकाची पेढी त्याच्या स्वतःच्या ओळखीच्या वर्तुळात आहे. दुकान हे त्यानंतरचे.

यावर छापखानेवाला सांगतो की, 'हजार प्रती काढा, प्रत ८० रुपयांस पडेल.' हिशेब खरा आहे आणि सल्ला खोटा. हजार प्रतींस एकूण १,०४,००० रुपये लागतील. त्यांपैकी २५० प्रती हातोहात विकल्या तर ७५,००० येतील, आणि २९,००० चा तोटा व ७५० प्रती घरात राहतील. त्याच २५० प्रती तीनशेंच्या आवृत्तीतून विकल्या असत्या तर १५,००० रुपये शिल्लक पडते. शिवाय कोकणातल्या घरात कागद म्हणजे पावसाळ्यात वाळवीस व बुरशीस आमंत्रण. आता डिजिटल छपाईमुळे पन्नास-शंभर प्रतीही काढता येतात. प्रत थोडी महाग पडते, परंतु माळा रिकामा राहतो. थोड्या काढाव्या, खपल्यावर पुन्हा काढाव्या. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण ग्रंथकारांसही लागू आहे.

कायदेशीर सोपस्कार थोडे व सोपे आहेत. त्यांसाठी कोणा मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो लेखकाने स्वतःच्या नावाने घ्यावा; दुसऱ्याच्या नावाचा क्रमांक म्हणजे दुसऱ्याचे प्रकाशन. पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि एकेक प्रत मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील नेमलेल्या ग्रंथालयांस स्वखर्चाने पाठविणे, हे १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर, म्हणजे स्वतः प्रकाशक झालेल्या लेखकावरही, बंधन आहे. या चार प्रतींचा खर्च कोणी वाया गेला समजू नये. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक सन १८८२ त पुण्यास छापले गेले, त्या अवघ्या ५०० प्रती. पुढे तो ग्रंथ लोकांच्या स्मरणातून इतका गेला की, डॉ. स. गं. मालशे यांनी १९७५ त तो पुन्हा उजेडात आणीपर्यंत जवळजवळ शतक लोटले. एखादी प्रत कोठे तरी जपलेली असते म्हणूनच ग्रंथास दुसरा जन्म मिळतो.

विक्रीसंबंधी जुना मार्गच उत्तम आहे, तो म्हणजे आगाऊ नोंदणीचा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड पुरे केले ते गावोगाव हिंडून, आधी भागीदार व वर्गणीदार जोडून. कादंबरीकारास एवढे हिंडणे नको. परंतु छापखान्यात जाण्यापूर्वी शंभर नावे पैशासह वहीत असावीत. ती न मिळाली तर तोही एक निकालच समजावा आणि थोडे थांबावे. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्ष्यात कोण घेतो?' या कादंबरीस वाचक मिळाले ते आधी 'करमणूक' पत्राच्या अंकांतून, ग्रंथ मागाहून झाला. आजच्या लेखकानेही एखादे प्रकरण दिवाळी अंकास द्यावे, साहित्यसंस्थेच्या बैठकीत वाचावे. आमच्या जिल्ह्यास साधनांची वाण नाही. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय सन १८२८ पासूनचे आहे; कोकण मराठी साहित्य परिषद १९९१ त येथेच स्थापन झाली; मालगुंडास केशवसुतांचे स्मारक आहे. गणपतीस व शिमग्यास मुंबईचे चाकरमानी घरोघर उतरतात, त्यांच्या सामानात परत जाताना आमसुले व फणसपोळी जाते, तसे गावच्या माणसाचे पुस्तकही जावे. टपालखात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' नावाची सेवा सुरू केली. तीत ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुडक्यास आरंभीचा दर करासह नव्हे पण २० रुपये ठेविला आहे. आपले पुस्तक त्या नियमांत बसते काय, हे टपाल कचेरीत विचारून घ्यावे. ग्रंथालयांसाठीच्या शासनमान्य यादीकरिता प्रत वेळेवर पाठवावी. आणि फुकट प्रती वाटणे बंद करावे. भीड ही भिकेची बहीण आहे. जो स्नेही तीनशे रुपयांचे पुस्तक विकत घेत नाही, तो फुकट मिळालेले वाचीत नाही, हा आमचा अनुभव आहे.

पदरचा पैसा घालण्यापूर्वी आणखी एक दार ठोठावून पाहावे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ, जे १९६० त तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झाले, ते नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकास अनुदान देते. राज्य वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी जो पुरस्कार आहे, त्यास तर आमच्या दापोलीकडच्या श्री. ना. पेंडशांचे नाव आहे. अर्ज करण्यास लाजू नये. हा पैसा जनतेचा आहे व याच कामासाठी आहे.

हे सर्व लेखकांस झाले. आता दोन शब्द आमच्या नागरिक व व्यापारी वाचकांस. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला आणि तो योग्यच होता. परंतु भाषेचा दर्जा सरकारी ठरावाने मिळतो, तिचा संसार मात्र वाचकाच्या खिशातून चालतो. लग्नात आहेराच्या पाकिटात आपण पाचशे रुपये सहज घालतो. वर्षातून एक मराठी पुस्तक, तेही आपल्याच तालुक्यातील माणसाचे, पूर्ण किंमत देऊन घेणारी घरे किती निघतील? ज्या समाजात लेखकास आपले लेखन छापण्यासाठी निवृत्तीची पुंजी व वर हक्कही द्यावा लागतो, त्या समाजात उद्या ज्याच्यापाशी पैसा आहे तोच लिहील. खाडीकाठचे गुरुजी, सड्यावरची शेतकरीण, बंदरावरचा खलाशी यांच्या कथा मग कोणी लिहावयाच्या? स्वभाषेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर सभेत देऊ नये, पुस्तकाच्या दुकानात द्यावे.

गुरुजींनी तो करारनामा सही न करता परत केला. पावसाळाभर त्यांनी कादंबरीची शंभर पाने कापली, आणि कापताना फार दुःख झाले असे आम्हांस कळविले. त्यांचे जुने विद्यार्थी मुंबई-पुण्यास व गावोगाव पसरलेले आहेत. त्यांपैकी एकाने नोंदणीची वही हाती घेतली आहे. पहिले नाव आमचे आहे, आणि पैसे आम्ही पूर्ण दिले आहेत. पुस्तक कसे उतरेल हे आम्ही आज सांगू शकत नाही. परंतु ते चांगले निघो वा वाईट, ते गुरुजींच्या मालकीचे राहील, एवढे मात्र निश्चित आहे.